१९६८ची कॅमारो ताठ करताना: आधी गंज, मग बुश, मग कनेक्टर

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकागोजवळ तुमच्याकडे १९६८ची शेव्हर्ले कॅमारो एसएस आहे, ३५० घनइंची इंजिन, मन्सी चौगती गिअरबॉक्स. पुढच्या एका कोपऱ्याला जॅक लावला की त्या बाजूचं दार नीट लागत नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर डॅशबोर्ड करकरतो, आणि छत मागच्या पत्र्याला मिळतं तिथे रंगाला बारीक तडा गेलाय. त्यावर उपाय म्हणून तुम्ही कडक स्प्रिंगा आणि जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचा कल रोखणारी सळई) घ्यायला निघाला आहात, शिवाय कुणी तरी रोल केज (केबिनच्या आत नळ्यांचा पिंजरा) सुचवलाय.

स्प्रिंगांची ऑर्डर आधी थांबवा. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं चासीला पीळ बसत असल्याची आहेत. कडक स्प्रिंग घातली की रस्त्याचा प्रत्येक धक्का बॉडीत जास्त जोराने जाणार आणि तो तडा वाढणार. बार जाड केल्याचा फायदाही अर्धवटच मिळेल. बार पुढच्या बाजूचा कल रोखू बघतो, पण मधली बॉडीच वळली तर ती स्वतःच एक जास्तीची स्प्रिंग होऊन बसते. पुढे केलेला बदल मागच्या चाकांपर्यंत पूर्ण पोहोचत नाही.

ही गाडी कशी बांधली आहे ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. १९६७ ते १९६९च्या कॅमारोला पुढे एक वेगळी सबफ्रेम, म्हणजे लोखंडी अर्धी चौकट, आहे. इंजिन, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन सगळं तिच्यावर. ती बॉडीला प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी बोल्टने धरलेली असते: रेडिएटर सपोर्टला, फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापाशी), आणि पुढच्या सीटच्या आसपास फरशीखाली. तिन्ही ठिकाणी मध्ये रबरी बुश, म्हणजे जाड चकत्या. मागे मात्र वेगळी फ्रेम नाही, फरशीला वेल्ड केलेले रेल आहेत आणि त्यांना मागचे पाटे (लीफ स्प्रिंगा) लागतात. सबफ्रेम जिथे संपते तिथून पाट्याच्या पुढच्या डोळ्यापर्यंत जो पट्टा उरतो, तिथे सगळा भार फरशीचा पत्रा, मधला बोगदा (मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट ज्याखालून जातो तो उंचवटा) आणि दाराखालच्या रॉकर पेट्या यांच्यावर. त्यात ही गाडी हार्डटॉप, म्हणजे दाराच्या मागे छताला धरणारा मधला खांब नाही. छताची मदत कमी, म्हणून छताच्या मागच्या सांध्यावर ताण येतो. तुमचा तडा नेमका तिथे का आहे, ते यावरून कळेल.

आता इंजिनाचा जोर बघा. एसएस ३५०चा कारखान्याचा आकडा २९५ हॉर्सपॉवर आणि ३८० पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे सुमारे ५१५ न्यूटन-मीटर. मन्सीच्या एम-२० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.५२चा. दोन्हींचा गुणाकार केला तर प्रोपेलर शाफ्टमध्ये जवळपास १३०० न्यूटन-मीटर होतात. याची उलट प्रतिक्रिया पुढे इंजिन माउंटांमधून सबफ्रेमवर बसते आणि मागे अ‍ॅक्सलमधून पाट्यांवर, दोन्ही विरुद्ध दिशेने. मधला पत्रा दोन्हीकडून पिळला जातो. शिवाय ही बॉडी १९६०च्या दशकातल्या बायस-प्लाय टायरच्या पकडीला धरून आखलेली आहे. आजचे रुंद रेडियल टायर वळणावर कितीतरी जास्त भार आत पाठवतात.

पहिलं काम गंजाचं. तुमच्याकडे इलिनॉयमध्ये काय किंवा आमच्याकडे मिशिगनमध्ये काय, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं, आणि ते नेमकं रॉकरच्या खालच्या सांध्यात जाऊन बसतं. वरून रंग चकचकीत असला तरी हातोडीच्या मुठीने हळू ठोकत जा आणि आवाज ऐका. रॉकर ही बंद पेटी आहे, तिची ताकद बंद असण्यातच आहे. पुठ्ठ्याची गोल नळी हातात पिळून बघा, मग तिला लांबीत एक चीर देऊन परत पिळा. लोखंडाचंही तसंच होतं. ५० × ७५ मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी घ्या. तिला एका बाजूने पूर्ण लांबीची चीर दिली तर पिळाला होणारा विरोध हिशोबाने अडीचशेपटीहून जास्त कमी होतो. सगळ्या गाडीचा ताठपणा अर्थातच इतका घसरत नाही, पण खालचा सांधा खाल्लेला रॉकर जवळजवळ चीर दिलेल्या नळीसारखाच झालेला असतो. फरशीच्या कडा, फायरवॉलचे खालचे कोपरे आणि बुशचे बोल्ट ज्या नटांमध्ये जातात त्यांच्या भोवतालचा पत्राही तपासा. तो नट पिंजऱ्यात फिरत असेल तर तिथे नवा पत्रा घालून नीट वेल्ड करून घ्या. सडलेल्या पत्र्याला कनेक्टर (सबफ्रेम आणि मागचे रेल यांना जोडणारी नळी) जोडून काही मिळत नाही, वेल्डच्या शेजारी पत्रा फाटतो.

यानंतर बुश. याबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे: कनेक्टर वेल्ड करणार असाल तर सहाही रबरी बुश काढून अ‍ॅल्युमिनियमचे भरीव बुश घाला, आणि तेही आधी. कारण सरळ आहे. कनेक्टर सबफ्रेम आणि बॉडी यांना कायमचे एकत्र बांधतो, रबर मात्र त्यांच्यामध्ये हालचाल होऊ देतं. दोन्ही एकत्र राहिले की ती हालचाल रोखायचं काम कनेक्टरच्या वेल्डवर येतं आणि एके दिवशी तिथे तडा दिसतो. काही ठिकाणी रबर आणि काही ठिकाणी भरीव असंही करू नका, भार भरीव ठिकाणी गोळा होतो. पॉलियुरेथेन हा मधला मार्ग आहे. फक्त बोल्टचे कनेक्टर घालणार असाल तर तो चालतो, वेल्डसाठी मी तो घेणार नाही. भरीव बुश घेताना मूळ उंचीचे आहेत की बॉडी खाली बसवणारे, ते विचारून घ्या. अ‍ॅनोडाइज्ड घ्या आणि बोल्टांना अँटी-सीझ (बोल्ट अडकू न देणारं वंगण) लावा, मिठाच्या प्रदेशात अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना धरून बसतात.

बुश बदलताना सबफ्रेम सरळ बसवायची संधी मिळते, ती सोडू नका. सबफ्रेम आणि बॉडी दोन्हींना जुळवणीची भोकं आहेत. त्यांतून दोन्ही बाजूंना गोल सळई आरपार गेली पाहिजे. मग कर्ण मोजा, आणि त्यानंतरच बोल्ट शेवटचे आवळा. कनेक्टर एकदा वेल्ड झाला की वाकडी सबफ्रेम वाकडीच राहते.

आता कनेक्टर. बोल्टचे की वेल्डचे, तर वेल्डचे. बोल्टची भोकं कालांतराने लांबट होतात आणि सांधा सरकायला लागतो. ५० × ७५ची, ३ मिलिमीटर जाडीची नळी या कामाला पुरते. वजन मीटरला साधारण साडेपाच किलो, त्यामुळे गाडी जड होईल ही भीती नको. पुढचं टोक सबफ्रेमच्या मागच्या टोकाला आणि मागचं टोक पाट्याच्या पुढच्या पेटीपाशी रेलला जातं. टोकाची पट्टी काटकोनात कापून संपवू नका. ती लांब आणि तिरकी ठेवा, म्हणजे भार एकाच रेषेवर थांबत नाही. जमत असेल तर फरशी कापून नळी तिच्यात बसवा आणि वरून-खालून पत्र्याला वेल्ड करा. कापाकापी जास्त आहे, गालिचा आणि सीट काढाव्या लागतात, पण मग फरशी सबंध लांबीत नळीबरोबर काम करते आणि खाली जमिनीपासूनचं अंतरही कमी होत नाही. नुसती दोन टोकं जोडून मध्ये लोंबणारी नळी गाडीला मध्ये वाकू देत नाही, पिळाला मात्र तिचा उपयोग बराच कमी.

वेल्डिंगच्या वेळी गाडी स्वतःच्या चाकांवर, सपाट जागी किंवा चार खांबांच्या ड्राइव्ह-ऑन लिफ्टवर उभी असली पाहिजे. इंजिन, काचा, दारं सगळं जागेवर. मध्ये जॅक लावून किंवा दोन खांबांच्या लिफ्टवर टांगून वेल्ड केलंत तर ती वाकलेली अवस्थाच कायमची पक्की होते. सुरू करण्याआधी दोन्ही दारांच्या फटी वर, मध्ये आणि खाली मोजून लिहून ठेवा. आधी टाके मारा, परत फटी मोजा, मग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं थोडं थोडं वेल्ड करा. एका दमात लांब शिवण ओढली तर पत्रा उष्णतेने खेचला जातो. पेट्रोलची नळी, ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकची केबल आधी बाजूला घ्या, बॅटरीची तार सोडा, आतलं जुनं डांबर आणि सीलर खरवडून काढा. एक माणूस अग्निशामक घेऊन आत बसलेला हवाच. ही गोष्ट मी हात जोडून सांगतो, आतल्या अस्तराला खालून लागलेली आग खाली झोपलेल्या वेल्डरला दिसत नाही.

रोल केज रस्त्याच्या गाडीत घालू नका. पिळाविरुद्ध त्याच्याइतका परिणामकारक उपाय नाही हे खरं, पण हेल्मेटशिवाय बसलेल्या माणसाच्या डोक्याशेजारी लोखंडी नळी असणं धोक्याचं आहे, आणि साध्या धडकेतही डोकं तिथे पोहोचतं. ड्रॅगस्ट्रिपवर जाणार असाल तर गोष्ट वेगळी, एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या) नियमांत पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या अशा गाडीला रोल बार (केजचा साधा प्रकार) सक्तीचा आहे. तुमची गाडी त्या वेगाची नाही.

मस्टँगवाल्यांचे सल्ले वाचून इंजिनावरून आडवा बार टाकायचा मोहही टाळा. १९६५च्या मस्टँगमध्ये पुढची स्प्रिंग बॉडीच्या पत्र्याच्या मनोऱ्यात वर टेकते, म्हणून एक्स्पोर्ट ब्रेस (मनोरे फायरवॉलला बांधणारा) आणि माँटे कार्लो बार (दोन्ही मनोऱ्यांना आडवा जोडणारा) तिथे खरंच उपयोगी पडतात, शेल्बीच्या जीटी-३५०मध्ये ते होतेच. तुमच्या गाडीत वरचे आर्म सबफ्रेमलाच लागतात, पत्र्याच्या मनोऱ्यावर तो भार येतच नाही. शेव्हर्लेच्याच शेवेल गाडीचा मामला तिसराच. तिला पूर्ण फ्रेम, आणि हार्डटॉपच्या बाजूच्या रेलचा आकार एका बाजूने उघडा. ती उघडी बाजू पट्टीने बंद करणं हा तिचा उपाय, कन्व्हर्टिबलला कारखान्यातूनच बंद रेल मिळत असत.

काम झाल्यावर तीच परीक्षा परत घ्या: त्याच कोपऱ्याला, त्याच जागी, तेवढ्याच उंचीपर्यंत जॅक, आणि दाराची फट फीलर गेजने. आधीचे आकडे शेजारी ठेवलेत की फरक लगेच कळेल. दार उचललेल्या अवस्थेतही सहज लागलं पाहिजे. मग व्हील अलाइनमेंट करा, कारण सबफ्रेम हलवली आहे, आणि थोडं चालवून झाल्यावर बुशचे बोल्ट परत तपासा. छताच्या सांध्याचा रंग त्यानंतरच काढा. स्प्रिंगा आणि बार यांचा विचार आता करा. बहुतेक तुम्ही आज ठरवल्यात त्यापेक्षा मऊ स्प्रिंगा पुरतील. कनेक्टरला खालच्या बाजूने पाणी निघायची भोकं ठेवा आणि रस्त्यावर मीठ पडायच्या आत नळीत आतून मेण फवारून घ्या.