साल काढू, पण कधी?

प्रश्न : थॉमसन जातीची द्राक्षबाग सहा वर्षांची आहे. खोडाची साल गोल काढली तर मणी फुगतात आणि माल लवकर पिकतो म्हणतात. करू का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या, पण एकाच कापाने होत नाहीत. पानांत तयार झालेली साखर सालीतून मुळांकडे जाते. तीन-चार मिलिमीटरचा पट्टा काढला की ती वाट बंद होते आणि साखर घडांकडे वळते. मणी सहा ते आठ मिलिमीटरचे असताना काप दिला तर फुगवण मिळते, मात्र घड जास्त असले तर पक्वता उलट लांबते. गोडी लवकर हवी असेल तर मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ पडू लागताना काप द्या.

सुरी लाकडात जाऊ देऊ नका, पाणी तिथूनच वर चढतं. आमच्या बागेत पहिल्या वर्षी मीच घाईने खोल कापलं. दोन वेली वाळल्या, त्या अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. जखम भरेपर्यंत मुळं उपाशी असतात, म्हणून पाण्याचा ताण अजिबात नको. अशक्त वेलींना तर हात लावूच नका. आधी विरळणी (जादा घड काढणं) उरका आणि यंदा एकाच ओळीवर करून बघा.