मेसचे पैसे भरण्याआधी

कॅम्पसमधली मेस कॉलेज स्वतः चालवतं असं समजू नकोस. बहुतेक ठिकाणी निविदा निघते, ठेकेदार अनामत भरतो, जागेचं भाडं देतो. सगळ्यात जास्त भाडं बोलणाऱ्याला ठेका मिळाला, की ते पैसे तो आपल्याच ताटातून काढणार. म्हणून वरण पातळ झालं तर वाढणाऱ्या मावशींवर ओरडू नकोस, त्यांच्या हातात काही नसतं. करारात मेनू आणि दर काय ठरलेत ते मेस कमिटीला विचार. सरकारी संस्था असेल तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून कराराची प्रत मागता येते. उत्तराची मुदत 30 दिवस. भिंतीवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक लावलाय का, तेही बघ.

पूर्ण सत्राचे पैसे एकदम भरू नकोस. आधी आठवडाभर कूपनवर जेव. खाडे वजा होतात का, किती दिवस आधी सांगावं लागतं, हे लेखी घे. दिवाळीनंतर सगळी भांडणं यावरूनच होतात.

नाहीतर नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या गल्ल्यांत घरगुती डबा देणाऱ्या काकू शोध. पोळ्या किती, भात रोज का, रविवारी रात्री काय, हे आधीच ठरव. रविवारची रात्र बऱ्याच जणींची सुट्टी असते. चौघांनी मिळून डबा लावलात तर दरात घासाघीस जमते. मिसळीवर मात्र रोज पोट भरू नकोस (नाशिककर असून सांगतोय). खोलीवर इंडक्शन ठेवायचं असेल तर लाइट बिलाचं घरमालकाशी आधी बोलून घे.