सीएसएसडीची नोकरी म्हणजे भांडी घासणंच का? घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: मोठ्या हॉस्पिटलच्या सीएसएसडीत, म्हणजे ऑपरेशनची अवजारं धुऊन निर्जंतुक करणाऱ्या विभागात, टेक्निशियनची नोकरी मिळते आहे, काम कसं असतं, नाइटला आराम मिळतो का, पुढे बढती आहे का, आणि घरचे म्हणतात ही तर भांडी घासायची नोकरी, तर घ्यावी का?

घरच्यांना सांगा, हो, भांडीच घासतात. मी एकोणीस वर्षं घासतोय. हा शब्द मी पहिल्यांदा एका सर्जनच्या तोंडून ऐकला, रात्री सव्वादोन वाजता, फोनवर. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

आधी घासणं म्हणजे काय ते ऐका. ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, वापरलेल्या अवजारांची ट्रॉली येते ती डर्टी साइडला. आर्टरी फोर्सेपच्या, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्याच्या सांध्यात, जिथे दोन पाती एकमेकांत अडकतात तिथे, रक्ताचा केसाएवढा कण राहतो. तो वाळला की दगड. पाणी कोमटच हवं, कारण कढत पाण्याने रक्तातलं प्रथिन शिजून धातूला चिकटतं, मग एन्झाइमचं द्रावणही त्याला सोडवत नाही. ब्रश पाण्याच्या खाली फिरवायचा, वर नाही, नाहीतर शिंतोडे थेट तोंडावर. मग भिंगाखाली एकेक सांधा उघडून बघायचा. आर्टरी मुठीजवळच्या खाचांतल्या पहिल्या दातावर लावून तळहातावर हलकेच आपटायची, सुटली तर बाद, कारण ती उद्या कुणाच्या तरी पोटात, रक्तवाहिनीवर लावलेली असताना सुटेल. एका सेटमध्ये अशी पन्नास-साठ अवजारं, आणि दिवसाला किती सेट ते तुमच्या ओटी किती यावर. वाफ जंतू मारते, घाण काढत नाही. आत कण राहिला तर त्याच्या आडोशाला जंतूही राहतो. म्हणून घासणं हे या कामातलं सगळ्यात खालचं नव्हे, सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेच्या मशिनचं, बटण कुणीही दाबेल.

आता ती रात्र.

अपघाताच्या केसेस एकामागून एक आल्या होत्या. लॅपरोटॉमीचे, म्हणजे पोट उघडायच्या ऑपरेशनचे, चार सेट, तीन वापरात गेलेले, चौथा मशिनमध्ये. नाइटला मी एकटा. ओटीतून दर पाच मिनिटांनी फोन, "झाला का?" सायकल संपली, दार उघडलं. पॅकला लावलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवरच्या रेषा काळ्या झालेल्या, तपमानाची छापील पट्टी व्यवस्थित. सेट उचलला तर खालच्या अंगाला रॅपवर, म्हणजे सेटच्या गुंडाळणीवर, तळहाताएवढा ओला डाग.

मी फोन करून सिस्टरना सांगितलं, पॅक ओला आहे, देता येणार नाही. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. सर म्हणाले, "ओला आहे तर काय झालं? वाफेचंच पाणी आहे ना? 134 डिग्रीतून आलंय." मी म्हटलं, सर, रॅप कोरडं असेपर्यंतच जंतूंना अडवतं. ओलं झालं की ते दिव्याच्या वातीसारखं बाहेरचं आत ओढतं. माझे हातमोजे, ट्रॉली, लिफ्ट, तुमच्या ओटीचं टेबल, सगळं आत जाणार. यावर सर म्हणाले, "आता भांडी घासणारे मला शिकवणार?" आणि फोन बंद.

मी हात बांधून बसलो नाही. लेबर ओटीच्या राखीव कपाटातून सिझेरियनचे दोन सेट काढले, आमच्या स्टोअरमधून सुटे पॅक केलेले लांब आर्टरी आणि जखम ओढून धरायचे दोन डीव्हर रिट्रॅक्टर घेतले, कशात काय आहे ते चिठ्ठीवर लिहिलं आणि स्वतः ओटीच्या दारापर्यंत घेऊन गेलो. खातं मोकळं सोडून जायचं नसतं, पण आणायला येणार कोण? त्या सिस्टरनी सेट घेताना मान हलवली, बोलल्या काहीच नाहीत. माझ्या रजिस्टरप्रमाणे केस 22 मिनिटं उशिरा सुरू झाली.

सकाळी मेमो. "केसला विलंब व वरिष्ठांशी उद्धट वर्तन." आमच्या इन्चार्ज मॅडम म्हणाल्या, "बरोबर केलंस. पण मेमो घे आणि गप्प बस." पेशंटचं काय झालं ते आम्हाला कधीच कुणी कळवत नाही. नऊ दिवसांनी वॉर्डातल्या मामांकडून कळलं की तो आयसीयूतून जनरलला आला. माझ्यापुरतं तेवढंच.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली. हॉस्पिटलात प्रत्येकाला वाटतं की खालच्याने आपल्याला शिकवू नये. सर्जनला आम्ही, आम्हाला मावशी, मावशींना नवीन आलेली पोरं. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती वॉर्डात डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले, तरी वरच्यांना ते झोंबलंच, आणि 1849 मध्ये त्याच्या नोकरीची मुदत वाढवली नाही. डॉक्टर असून त्याची ही गत, मग आमचा मेमो म्हणजे काहीच नाही.

तर तुमचा प्रश्न. नोकरी घ्या, पण घेण्याआधी विचारून घ्या की सेट अडवण्याचा अधिकार टेक्निशियनला लेखी आहे का. हे पहिलं. "आमच्याकडे टीमवर्क आहे" असं उत्तर आलं तर समजा की नाही. रोज सकाळी रिकाम्या मशिनवर बोवी-डिक टेस्ट लावतात का तेही विचारा. 1963 पासूनची साधी चाचणी आहे. पॅकच्या मधोमध एक कागद असतो, त्याचा रंग सगळीकडे सारखा बदलला तर आतली हवा नीट निघाली, मधे फिका राहिला तर मशीन बंद ठेवायची. जिथे हा कागद लावल्याशिवायच नोंदवहीत "पास" लिहितात तिथे राहू नका. अशी माणसं मी पाहिली आहेत, नावं घेत नाही. आणि टेपवरच्या काळ्या रेषा म्हणजे निर्जंतुक, असं जो इन्चार्ज म्हणेल त्याच्या हाताखाली काम करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. टेप एवढंच सांगते की पॅक मशिनमधून जाऊन आलाय.

हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस शक्यतो रुजू होण्याआधी घ्या. ट्रेमध्ये ब्लेड विसरून पाठवणारे लोक प्रत्येक हॉस्पिटलात असतात. मला एकदा लागलंय. लागलं तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच तासात कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी बरी, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. "काही होत नाही" म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) या निर्जंतुक करणाऱ्या गॅसचं मशीन असेल तर गॅस बाहेर काढायची सोय आणि गळती ओळखणारा अलार्म स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तो गॅस कर्करोग करतो.

नाइटला आराम? दोन माणसं असतील तर थोडा. एकटे असाल तर खुर्चीवर डुलकी, तीही कान फोनकडे ठेवून. पाठ जाते, हाताची कातडी सोलते, मशिनच्या बाजूला उकाडा कायम. बढतीचं मला विचारू नका, एकोणीस वर्षांत एकदा झाली.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. ते सर अगदीच चुकीचे नव्हते. जीव जात असेल तर अवजारं न गुंडाळता छोट्या सायकलवर चालवून, बंद डब्यात थेट टेबलापर्यंत नेतात, त्याची रीत आहे, आणि तो निर्णय शेवटी सर्जनचाच. तेव्हा आमच्याकडे तसा डबा नव्हता. पण दुसरे सेट हाताशी असताना ओला सेट मागणं बरोबर नव्हतं, यावरून मी आजही हटणार नाही.

आणि पॅक ओला का झाला, हेही कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगतो. वाफ जमते, सेट गच्च भरलेला असतो, जड धातू खाली थंड राहतो, अशी बरीच कारणं असतात. त्या रात्रीचं कारण मी होतो. फोनवर फोन येत होते म्हणून सुकवण्याचा टप्पा मी मध्येच तोडला, वीस मिनिटांचा आठवर आणला. म्हणजे मेमो मिळायलाच हवा होता, फक्त भलत्या कारणासाठी मिळाला. उत्तरात मी दीड पान लिहिलं, ओल्या रॅपचं सगळं शास्त्र घातलं, सुकवण्याचा शब्द काढला नाही. मशिनची छापील पट्टी रजिस्टरला पिन केलेली होती, तिच्यावर आठ मिनिटं स्वच्छ दिसत होती. सरांनी, मॅडमनी, चौकशीला आलेल्या साहेबांनी, कुणीच ते पान उलटलं नाही. थर्मल कागद होता, आता कोरा पडला असेल.