शिवीच्या जागी नंबर

"मॅडम, गाडीवाला कट मारून जातो तेव्हा आम्ही काय हात जोडून उभं राहायचं का?"

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की आता माझ्या समुपदेशनाच्या खोलीत माणूस खुर्चीत बसला की आधी माझी नजर त्याच्या हातांकडे जाते. बोटं रापलेली आणि हाताचा मागचा भाग ग्लोव्हजमुळे गोरा दिसला की समजायचं, सायकलवाला आहे. पुण्यात अशी मंडळी पुष्कळ. पहाटे उठून खडकवासला, सिंहगड, बोपदेव, कात्रजचा जुना घाट करून येणारी, आणि ऑफिसात दिवसभर शांत असणारी. रस्त्यावर मात्र कुणी बोनेटवर थापड मारलेली असते, कुणी पाण्याची बाटली फेकलेली असते, एकानं तर जर्सीच्या मागच्या खिशात खडे ठेवायला सुरुवात केली होती.

शिरीषना (नाव बदललंय, तपशीलही थोडे बदललेत) त्यांची बायको घेऊन आली. वय 46, नोकरी आकडेमोडीची, लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा नाद. "ह्यांना सायकल सोडायला सांगा, नाहीतर भांडणं," एवढं बोलून ती बाहेर जाऊन बसली.

घडलं होतं असं. सिंहगड रस्त्यावर सकाळी एक गाडी हँडलला चाटून गेली. शिरीषनी पाठलाग केला, पुढच्या गतिरोधकापाशी गाडी गाठली आणि मुठीनं तिचा आरसा फोडला. ढकलाढकली झाली, चौकीवर जावं लागलं. तिथे फुटलेला आरसा सगळ्यांना दिसत होता. मारलेला कट कुणालाच दाखवता येत नव्हता. आरशाचे साडेचार हजार भरून प्रकरण मिटलं.

"पण त्याला धडा शिकवायलाच हवा होता," ते म्हणाले.

"शिकला?"

"साडेचार हजार मी भरले, मॅडम." थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "त्याचं मत एवढंच झालं असणार, की सायकलवाले माजलेत."

समुपदेशनातही घराणी असतात. काही जण इथे विचारतील, त्यानं मुद्दाम केलं हे तुम्हाला कसं कळलं? प्रश्न चांगला आहे. पण मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी. 1955 पासून हा माणूस सांगत राहिला की घटनेपेक्षा घटनेवरचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो. शिवाय काही गाडीवाले खरंच मुद्दाम करतात, ते कशाला नाकारायचं? म्हणून मी मान्य करून पुढे जाते.

"समजा मुद्दामच केलं. मग?"

"मग काय, माज आहे त्याला."

"असेल. मग?"

"मग असं वागता कामा नये त्यानं!"

"का? सकाळी साडेसहाला तुमच्या शेजारून जाणारा माणूस शहाणाच असला पाहिजे, असं कुठे लिहिलंय?"

"मोटार वाहन कायद्यात लिहिलंय."

मी हसले. इतक्या वर्षांत हे उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. आणि घाईत त्यांना खोडायला गेले नाही याचं आजही बरं वाटतं, कारण पुढचा दरवाजा त्या उत्तरातच होता. मी म्हटलं, "बरोबर. 184 वं कलम. धोकादायक गाडी चालवली तर पहिल्या खेपेला एक ते पाच हजार दंड किंवा कैदही. आता सांगा, कायद्यानं दंड कशाला लिहून ठेवला? लोक असे वागणार हे धरूनच ना? कायद्याला धक्का बसत नाही. तुम्हाला रोज बसतो."

ते बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. आकडेमोडीच्या माणसाला ही मांडणी पटली असावी. "म्हणजे त्याची तरतूद करून ठेवायची," ते म्हणाले. यापेक्षा चांगला शब्द मला सुचला नसता.

पण डोक्याला पटणं वेगळं. पुढच्याच आठवड्यात ते पुन्हा एका टेम्पोमागे धावले होते. नशिबानं टेम्पो सापडला नाही.

त्या वेळी मी त्यांना सायकलवरच्या मीटरची नोंद मोबाइलवर दाखवायला सांगितली. मला स्वतःला सायकल चालवून तीस वर्षं झाली असतील, पण ती लाल रेघ वाचायला काही शिकावं लागत नाही. कट बसायच्या आधी हृदयाचे ठोके 138. कटनंतर काही सेकंदांत 160. पाठलागात 178. मग टेम्पो दिसेनासा झाला, वेग उतरला, रस्ता सपाट. तरी रेघ खाली यायला तयार नाही. पुढची चौदा मिनिटं ती 150च्या वरच.

"इथे तर तुम्ही रमतगमत चाललाय. मग काय चाललं होतं?"

"त्याच्याशी भांडत होतो. मनात."

"आणि हे?" मी पहिल्या टोकावर बोट ठेवलं, 138 वरून 160. "इथे तर भांडण सुरूही झालं नव्हतं. ही कसली उडी?"

"राग."

"इतक्या लवकर? राग यायला आधी कळावं लागतं की कुणी काय केलं. इथे तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. शिरीषनी मोबाइल उलटा ठेवला. मग खूप हळू आवाजात म्हणाले, "फाटली होती, मॅडम." आणि लगेच, "सॉरी."

सॉरी कशाबद्दल? आमच्या सात भेटींतलं सगळ्यात मोलाचं वाक्य होतं ते. मी त्यांना ते परत म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचे खांदे उतरले. मग ओघानं सगळं आलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर ग्रुपमधला एक जण ट्रकच्या हवेनं हेलपाटून पडला होता, वाचला, पण त्या दिवसापासून मागून इंजिनाचा आवाज आला की यांच्या पोटात गोळा येतो. घरी सांगितलं तर सायकल बंद होईल. ग्रुपमध्ये सांगितलं तर हसतील. चिडलेल्या माणसाला मात्र कुणी हसत नाही.

माझ्याकडे आलेल्या बहुतेक सायकलवाल्यांची गोष्ट इथेच येऊन थांबते. पहिली भीती असते आणि ती रास्त असते. काही किलोंच्या सायकलवर बसलेल्या माणसाला टनभर लोखंड घासून गेल्यावर भीती वाटली नाही तर काळजी करावी. ती एकटी असेल तर दोन-तीन मिनिटांत उतरते. पण घाबरणं कमीपणाचं वाटतं, म्हणून आपण तिच्यावर 'तो असा वागूच कसा शकतो' याचं लाकूड घालत राहतो. शेकोटी आपलीच, भाजतो आपणच.

"पण राग बाहेर काढला की मोकळं वाटतं," असं अनेक जण सांगतात. वाटतं, क्षणभर. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅग बडवणारे सगळ्यात जास्त चिडलेले निघाले. काही न करता दोन मिनिटं नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक.

तर मग करायचं काय? हात जोडायचे नाहीत, हे आधीच सांगते. शिरीषना मी एकच गृहपाठ दिला. कट बसला की आधी मोठ्यानं म्हणायचं, "घाबरलो." मग लगेच, शिवीच्या जागी, गाडीचा नंबर. तोही मोठ्यानं, दोनदा. तोंड एकच आहे, एका वेळी एकच काम करतं. नंबर वाचायचा तर डोळे पाटीवर लागतात, त्या माणसाच्या थोबाडावर नाही. आणि घरी आल्यावर वाहतूक पोलिसांच्या अ‍ॅपवर टाकायला हातात काहीतरी असतं. छोटा कॅमेरा लावलात तर उत्तम. चौकीत कट दाखवता येतो. बाकी दोन गोष्टी त्यांना त्यांच्याच ग्रुपमधल्या जुन्या माणसानं सांगितल्या, मी फक्त मान डोलावली: हँडलला आरसा लावा, आणि अगदी गटाराला चिकटून चालवू नका, हातभर आत या. कडेला चिकटलेल्या सायकलवाल्याला बघून मागच्याला वाटतं, जागा आहे, घुसू.

गाडी चालवताना माझा पाय ब्रेकवर हल्ली जरा आधी जातो, हेही कबूल करायला हरकत नाही. एकदा लक्ष्मी रोडवर न बघता दार उघडून मी एका आजोबांना सायकलवरून पाडलं होतं. ते उठले, धोतर झटकलं आणि "लागलं नाही" म्हणून गेले. मला नंबर म्हणून दाखवणारा कुणी भेटला असता तर शिक्षण लवकर झालं असतं.

सुरुवातीला शिरीषचे नंबर 'एमएच 12' च्या पुढे जात नसत. मग शेवटचे चार आकडे लक्षात राहू लागले. सातव्या भेटीनंतर ते साताऱ्याकडची 300 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करायला गेले. वीस तासांची मुदत असते. रात्री साडेअकराला त्यांचा मेसेज आला. सोबत त्या लाल रेघेचा फोटो, मध्ये एक टोक, दोन मिनिटांत खाली. खाली लिहिलं होतं: "शिरवळच्या अलीकडे. घाबरलो. नंबर पूर्ण मिळाला. शिवी एकच दिली, तीसुद्धा नंबर म्हणून झाल्यावर."