‘टेक ऑफ’ एकच, मग चेकमध्ये इतकी क्रियापदं का?

प्रश्न: मी इंग्रजीतून चेक शिकतेय. ‘टेक ऑफ’ बघायला डिक्शनरी उघडली तर एवढे शब्द निघाले की कुठला उचलायचा तेच कळेना. ‘ऑफ’ म्हणजे चेकमधला ‘ओद’ असं धरून चाललं तर जमेल का?

उत्तर: नाही जमणार, तो नाद आधी सोडा. ‘ओद’चा अर्थ ‘पासून, दूर’ असा आहे हे खरं, पण ‘टेक ऑफ’च्या बहुतेक अर्थांत तो येतच नाही. मेकअप उतरवणे म्हणजे ‘ओद्लीचित से’ आणि रकमेतून वजा करणे म्हणजे ‘ओदेचीस्त’, असे थोडेच शब्द नशिबाने जुळतात. त्यापेक्षा आधी हे बघा की निघतंय काय. आपल्याला हे अवघड जातं कारण मराठीतही एकटं ‘काढणे’ सगळीकडे धावतं, चष्मा काढ, बूट काढ, झाकण काढ, एवढंच काय सुट्टीसुद्धा काढ, म्हणजे या बाबतीत मराठी आणि इंग्रजी एका बाजूला आणि चेक दुसऱ्या.

(उच्चाराचं आधीच सांगते, खालच्या शब्दांत ‘झ’ सगळीकडे ‘माझा’मधला वाचा आणि जोर पहिल्या अक्षरावर द्या.)

चष्मा, अंगठी, बँडेज, झाकण यांना ‘सुंदत’, आणि स्वतःच्या अंगावरचं काढायचं असेल तर ‘सुंदत सि’. कपड्यांना ‘स्व्लेक्नोउत’, पायातल्या बुटांना ‘झोउत’, आणि टोपी आदराने उतरवायची तर ‘स्मेक्नोउत’. यातूनच ‘स्मेकाम’ आलंय, कुणाच्या कामाला मनापासून दाद देताना म्हणतात, डोक्यावर टोपी असो वा नसो. बोलताना काहीच आठवलं नाही तर कपडे, बूट, टोपी सगळ्याला ‘सुंदत सि’ चालतं, लोकही सर्रास वापरतात, त्यामुळे सुरुवात त्यानेच करा.

विमानाचं वेगळं. जमीन सोडून वर जाणे म्हणजे ‘व्झ्लेत्नोउत’, पण विमानतळाच्या बोर्डावर दिसतं ‘ओद्लेति’, त्याचा अर्थ प्रस्थान. विमान गावाहून निघतं तो ‘ओद्लेत’ आणि चाकं धावपट्टी सोडतात तो ‘व्झ्लेत’, यात गल्लत फार होते. धंद्याने जोर धरला तर ‘फिर्मा से रोझ्येला’, यात ‘येत’ म्हणजे गाडीने जाणे हे क्रियापद आहे, ‘रोझ’ लागलं की गाडी वेग घेते असा भाव येतो, मला हा शब्द फार आवडतो. कुणी न सांगता सटकला तर साधं ‘झ्मिझेल’, म्हणजे गायब झाला. नक्कल करणे ‘नपोदोबित’. सुट्टीसाठी ‘व्झीत सि वोल्नो’, उदाहरणार्थ ‘झीत्रा सि वेझ्मु वोल्नो’, उद्या मी सुट्टी घेईन. इथे मात्र ‘टेक’ शब्दशः उतरलंय, ‘व्झीत’ म्हणजे घेणे.

प्रश्न: ‘से’ आणि ‘सि’ यांत फरक काय? चुकलं तर चालतं का?

उत्तर: एरवी लोक समजून घेतात, पण कपड्यांच्या बाबतीत जपा. ‘स्व्लेक्नोउत सि’ म्हटलं की पुढे वस्तू येते, कोट, स्वेटर जे असेल ते. ‘स्व्लेक्नोउत से’ म्हणजे माणूस स्वतःच कपडे उतरवतो. डॉक्टर तपासताना ‘स्व्लेक्न्येते से दो पूल त्येला’ म्हणतात, कमरेपर्यंतचे कपडे काढा. घरी आलेल्या पाहुण्याला कोट काढायला सांगायचं तर हे क्रियापद नकोच, तिथे ‘ओद्लोश्ते सि’ म्हणायचं, शब्दशः बाजूला ठेवा, आणि ते ऐकायलाही छान सभ्य वाटतं.

बुटांचं तर आणखी गमतीशीर आहे. चेक घरांत पाहुणा दारातच बूट काढतो, आणि यजमान बरेचदा ‘नेझोउवेय्ते से’ म्हणतो, म्हणजे राहू द्या, काढू नका. ते सौजन्य असतं, पाहुणा तरी काढतोच, तुम्हीही काढा. पण व्याकरण बघा, ‘काढा’ असं सांगायला ‘झुय्ते से’ आणि नकार आला की क्रियापदाचं रूपच बदललं, ‘झोउत’चं ‘झोउवत’ झालं. चेकमध्ये बहुतेक क्रियापदांची अशी जोडी असते, एक पूर्ण झालेल्या क्रियेचं आणि एक चालू किंवा नेहमीच्या क्रियेचं, आणि ‘करू नका’ म्हणताना सहसा दुसरं वापरतात. म्हणून वहीत एकटं ‘सुंदत’ लिहू नका, शेजारी ‘सुंदावत’ही लिहा, ‘स्व्लेक्नोउत’शेजारी ‘स्व्लेकत’. नंतर शोधत बसण्यापेक्षा हे खूप सोपं पडतं, मी सगळ्यांना हेच सांगते.

प्रश्न: इंग्रजीत ‘टेक इट ऑफ’ म्हणताना ‘इट’ मधोमध येतं. चेकमध्ये ‘ते’ कुठे ठेवायचं?

उत्तर: चेक क्रियापदाचे तुकडे होत नाहीत, त्यामुळे मधोमध हा प्रश्नच नाही. असे छोटे शब्द वाक्यात दुसऱ्या जागेवर येतात आणि त्यांच्यातही क्रम ठरलेला असतो, आधी ‘सि’, मग ‘तो’. ‘सुंदेय सि तो’, म्हणजे काढ ते. ‘सुंदेय तो सि’ असं कुणी म्हणत नाही.