नम्रता घालायची, नेसायची की बांधायची?

पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:५, म्हणजे अध्याय ५, वचन ५) मराठी बायबल म्हणतं ‘नम्रतारूपी कमरबंद बांधा’. इंग्रजी अनुवादांत मात्र बहुधा ‘नम्रता परिधान करा’ एवढंच दिसतं. तर मूळ ग्रीकमध्ये कमरबंद आहे का, असा प्रश्न आला आहे.

कमरबंद नाही, गाठ आहे.

मूळ क्रियापद ‘एन्कोम्बोओमाइ’. इथे त्याचं आज्ञार्थी रूप ‘एन्कोम्बोसास्थे’ आलंय, आणि अख्ख्या नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, ते एवढ्या एकाच ठिकाणी सापडतं. त्याच्या पोटात ‘कोम्बोस’ म्हणजे गाठ हा शब्द आहे. आजच्या ग्रीकमध्ये शर्टाच्या बटणाला ‘कुम्बी’ म्हणतात, तेही याच घराण्यातलं.

कपडे घालण्याचं नेहमीचं ग्रीक क्रियापद वेगळं: ‘एन्दुओ’. नव्या करारातल्याच पौल या प्रेषिताच्या पत्रांत ते सारखं भेटतं. गलतीकरांस ३:२७ मध्ये ‘ख्रिस्ताला परिधान केले’ तिथे तेच, इफिसकरांस ६:११ मधल्या शस्त्रसामग्रीलाही तेच. आणि गंमत म्हणजे कलस्सैकरांस ३:१२ मध्ये ज्या गोष्टी अंगावर चढवायला सांगितल्यात, त्यांत नम्रताही आहे. नम्रतेसाठीचं नाम दोन्हीकडे एकच, ‘तापेइनोफ्रोसुने’. क्रियापद मात्र पेत्राच्या पत्रात बदललं. दोन्हीकडे ‘परिधान करा’ लिहिलं की हा फरक पुसला जातो.

आपल्याला हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये. सदरा घालतात, लुगडं नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात. (हल्ली ‘साडी घातली’ ऐकू येतं तेव्हा माझ्या कपाळावर आठी येते, पण तो वेगळा विषय.) फेटा ‘परिधान केला’ म्हटलं तर अर्थ कळतो, पण हात काय करत होते ते दिसत नाही.

मग बांधायचं ते काय? याच धातूपासून ‘एन्कोम्बोमा’ असं नाम आहे. दुसऱ्या शतकातला कोशकार पोलक्स सांगतो की गुलाम एका खांद्यावरचा आखूड अंगरखा घालत आणि त्यावर एक लहानसं पांढरं वस्त्र असे, त्याचं हे नाव. म्हणून अनेक भाष्यकार पेत्राच्या वाक्यात कामाला जुंपलेल्या गुलामाचं वस्त्र पाहतात. काही जण आणखी पुढे जाऊन येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले (योहान १३), त्याच्याशी सांधा जुळवतात. त्या प्रसंगात शिष्यांपैकी एक म्हणून पेत्र हजर होता, त्यामुळे मोह होणारच. पण योहानाने तिथे क्रियापद दुसरंच वापरलंय.

मी स्वतः गुलामाच्या वस्त्रावर फार भार टाकणार नाही. नामाचा अर्थ जसाच्या तसा क्रियापदात ओतता येत नाही. अपोलोडोरस नावाच्या जुन्या विनोदी नाटककाराच्या एका उरल्यासुरल्या ओळीत एक बाई म्हणते की, खांद्यावरचं वस्त्र दुहेरी घडी घालून मी वरून बांधून घेतलं. तिथे हेच क्रियापद आहे. वाचताना मला पदर खोचून उभी राहिलेली बाईच दिसली. थोडक्यात, सुटून पडू नये म्हणून अंगाला नीट बांधून घेणं, इतका अर्थ पक्का. गुलामाचं चित्र शक्य आहे, सक्तीचं नाही.

आता मराठी ‘कमरबंद’. ‘बांधा’ हे क्रियापद अचूक पकडलंय, याबद्दल अनुवादकांना दाद द्यायला हवी. पण कंबर मूळ शब्दात नाही. ती याच पत्रात आधी येऊन गेलीय, १:१३ मध्ये, जिथे मनाची कंबर बांधायला सांगितलंय. तिथलं क्रियापद खरोखरच अंगरखा वर खोचून कंबर कसण्याचं आहे. ५:५ मध्येही कंबर आणली की वाचकाला दोन्हीकडे एकच प्रतिमा आहे असं वाटतं.

‘नम्रतेची गाठ बांधा’ असंही करता येत नाही, कारण मराठी कान लगेच खूणगाठीकडे वळतो आणि ‘नम्रता लक्षात ठेवा’ असा भलताच अर्थ निघतो. मला विचाराल तर ‘एकमेकांशी वागताना नम्रता अंगाला बांधून घ्या’ इतकं साधं ठेवावं.