रात्री मुलाला घेऊन बांबोळी कधी गाठायची?

तुमचा प्रश्न वाचला. सावंतवाडीहून गोव्यात साखळीला नव्याने आलात. घरात साडेचार वर्षांचा मुलगा, आठ महिन्यांची मुलगी, आणि नेहमीचे डॉक्टर तिकडेच राहिले. ताप आला की सासूबाई म्हणतात, "सकाळपर्यंत उतरेल", नवरा म्हणतो, "आत्ताच बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला काढू", आणि इंग्लंडहून नणंद फोनवर विचारते, "जवळ अर्जंट केअर नाही का?"

मी डॉक्टर नाही. कॅज्युअल्टीत आणि मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, त्या जोरावर लिहिते. औषधोपचार तुमचे डॉक्टर सांगतील. घरून कधी निघायचं आणि कुठे जायचं, एवढंच इथे सांगते.

पहिली गोष्ट ही, की थर्मामीटरपेक्षा मुलाकडे बघा. एका रात्री कॅज्युअल्टीत दोन मुलं शेजारीशेजारी होती. मुलाला १०३ ताप, पण तो बीपीच्या यंत्राचा फुगा दाबत बसला होता आणि आईच्या पर्समधली चावी मागत होता. शेजारच्या मुलीला ताप जेमतेम १००. ती आजीच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. रक्त घ्यायला सुई टोचली तरी हात मागे घेतला नाही. आजी मात्र "फार नाही हो ताप" म्हणत रांगेत मागे थांबायला तयार. डॉक्टरांनी आधी त्या मुलीला आत घेतलं. रडणारं, हातपाय झाडणारं, "सुई नको" म्हणून ओरडणारं मूल बघून आम्ही निम्मे निर्धास्त होतो. गप्प पडलेल्या मुलाची आम्हाला धास्ती वाटते.

याला एकच मोठा अपवाद आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल तर बाळ कसंही दिसो, त्याच वेळी इस्पितळात न्यायचं. इतक्या लहान बाळाला रक्तातला जंतुसंसर्गही बाहेरून दिसत नाही. तुमची मुलगी या वयातून बाहेर पडली आहे, पण शेजारीपाजारी कुणाकडे तान्हं असेल तर त्यांना सांगा.

आता श्वास. हे मी प्रत्येक आईला शिकवते, कारण ते घरी करता येतं आणि थर्मामीटरपेक्षा जास्त सांगून जातं. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, झबलं वर करा. बरगड्या संपतात तिथे नजर ठेवा आणि मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेचा जोराच्या श्वासाचा हिशेब आहे. तापात श्वास थोडा वाढतोच, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. पण आकडा काहीही असो, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत खेचली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल किंवा तुमच्या मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर मोजत बसू नका, निघा. ओठ-जीभ निळसर दिसली तर १०८ची रुग्णवाहिका.

जत्रेच्या दिवसांत आणखी एक. चणे-शेंगदाणे खाता खाता मुलाला अचानक जोराचा ठसका लागला आणि मग थांबला, तरी "गेलं खाली" असं धरून चालू नका. दाणा श्वासनळीत उतरला की सुरुवातीचा ठसका शांत होतो आणि पुढे एका बाजूला घरघर किंवा न जाणारा खोकला सुरू होतो. असा ठसका लागला होता हे डॉक्टरांना सांगाच. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात अख्खे दाणे न दिलेलेच बरे.

उलट्या-जुलाबात मुलाची लघवी मोजा. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, बाळाची टाळू खाली बसलेली, यातलं काही दिसलं किंवा घोटभर पाणीही पोटात टिकत नसेल, तर सलाईन लागू शकतं. हिरवी उलटी किंवा शौचात रक्त दिसलं तर त्याच रात्री. एरवी ओआरएस चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घाला. फार्मसीत फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या नावाने मिळायची, ती खरं ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. साखर जास्त असल्याने त्यांनी जुलाब वाढू शकतात.

तापाच्या औषधाबद्दल एकच सांगते, कारण गोंधळ तिथेच होतो. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप एकच औषध असलं तरी ताकद वेगळी. थेंबांत एका मिलिलिटरला बहुधा १०० मिलिग्रॅम, सिरपात पाच मिलिलिटरला १२० किंवा २५०. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. थोरल्याची बाटली अंदाजाने धाकटीला देऊ नका. अॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही. पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता असते तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेनही नको.

डेंग्यूत लोक फसतात ते ताप उतरल्यावर. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास ताप जातो, घरातले सुटकेचा श्वास टाकतात, आणि बिघडायचं असेल तर ते याच वेळी बिघडतं. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार हातपाय, मूल एकदम चिडचिडं किंवा सुस्त, यातलं काही दिसलं तर ताप नसला तरी न्या. तुम्ही सत्तरी तालुक्याच्या उंबरठ्यावर राहता म्हणून माकडतापाचंही सांगते. सत्तरीत २०१५ पासून त्याचे रुग्ण सापडले आहेत. गोचिडीमुळे होतो. काजूच्या हंगामात मुलं बागायतीत जात असतील आणि नंतर अंगदुखीसह जोराचा ताप आला, तर "आम्ही बागायतीत गेलो होतो" हे आपणहून सांगा. विचारलं जाईल याची वाट बघू नका.

काजूवरून आठवलं. ओली काजूबी दाताने फोडायचा प्रयत्न मुलं करतातच. सालातल्या तेलाने ओठ-गाल भाजल्यासारखे होतात. साबण-पाण्याने धुवा. तेल डोळ्यात गेलं असेल तर डोळा वाहत्या पाण्याखाली भरपूर धुऊन लगेच डॉक्टरांकडे.

झटका येतो तेव्हा भलेभले घाबरतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापामुळे झटका येऊ शकतो आणि बहुतेक वेळा तो दोन-चार मिनिटांत आपोआप थांबतो. मुलाला कुशीवर वळवा, गळ्यापाशी कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा आणि चप्पल हुंगवणारे नातेवाईक दोन हात लांब ठेवा. पाच मिनिटांच्या पुढे गेला तर १०८. थांबला तरी पहिला झटका असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

डोकं आपटलं आणि मूल लगेच रडलं, थोड्या वेळाने खेळायला लागलं, तर घरी लक्ष ठेवलेलं चालतं. झोपू द्यायचं नाही ही समजूत सोडा. झोपेची वेळ असेल तर झोपू दे, अधूनमधून हलवून बघा, कुरकुरतं का ते. पण क्षणभरही शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, उठवता उठेना, चालताना झोकांड्या जायला लागल्या, कान-नाकातून रक्त किंवा पाणी आलं, किंवा आठ महिन्यांच्या बाळाच्या डोक्याला बाजूने मऊ टेंगूळ आलं, तर जवळच्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, कारण सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन दोन्ही तिथे एकत्र असतात. स्कूटरवर पुढे उभं केलेलं मूल पडलं असेल तर लक्षणांची वाट बघायची नाही. (आणि मुळात पुढे उभं करू नका, हे मी सांगणारच.)

गिळलेल्या वस्तूंत सगळ्यांत वाईट म्हणजे बटणासारखी चपटी बॅटरी, रिमोटमधली, खेळण्यातली. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजू शकते. गिळल्याची शंका आली तरी एक्सरे होतो अशा ठिकाणी तातडीने. मूल एक वर्षाहून मोठं असेल आणि नीट गिळत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देत राहा. रॉकेल, फिनेल प्यायलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. बाटली सोबत घ्या.

भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद नको. मुलाच्या तळहाताहून मोठं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, जांघ यांवर असेल, तर इस्पितळ. कुत्रा चावला, ओरखडा जरी असला तरी, आधी पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली, मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस. शेजारचा ओळखीचा कुत्रा होता ही सबब नको.

सापाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पावसाळ्यात खाली अंथरूण घालून झोपायची आपल्याकडे सवय. मण्यार रात्री चावते आणि कित्येकदा दुखतही नाही, व्रण सापडत नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणून उठतं, उलटी करतं, आणि मग पापण्या जड होऊन खाली येऊ लागतात. याला अपचन समजून ओवा देत बसू नका. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) असलेल्या सरकारी इस्पितळात न्यायचं. विंचू चावल्यावर नुसतं दुखत असेल तर ठीक, पण मूल घामाघूम, हातपाय गार, उलट्या, असं झालं तर लगेच हलवा. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा वापर दाखवून दिल्यापासून मृत्यू खूप कमी झाले, पण त्यासाठी मूल वेळेत पोचायला हवं.

मुलगा थोडा मोठा झाला की एक लक्षात ठेवा. अचानक ओटीपोटात दुखतं म्हणाला तर चड्डी काढून बघा. अंडाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत ऑपरेशन लागतं, आणि मुलगे लाजून फक्त पोटच सांगतात.

आता नणंदेच्या प्रश्नावर. तिकडचं अर्जंट केअर म्हणजे घरचा डॉक्टर आणि मोठं इस्पितळ यांच्या मधला दवाखाना. त्या नावाची पाटी तुम्हाला साखळीत दिसणार नाही, पण ते काम इथलं सरकारी आरोग्य केंद्र करतं. साधा ताप, कानदुखी, टाके, ओआरएस टिकत नाही, कुत्रा चावला, यासाठी तिथेच जा. तिथले डॉक्टर गरज वाटली तर चिठ्ठी देऊन, रुग्णवाहिकेतून पुढे पाठवतात. श्वास अडकलाय, झटका थांबत नाही, मूल शुद्धीवर नाही, अशा वेळी स्वतःच्या गाडीने बांबोळीपर्यंत पळू नका. १०८ गोव्यात २००८ पासून आहे, फुकट आहे, आणि तिच्यात ऑक्सिजन असतो, जो तुमच्या गाडीत नसतो. आजारी मूल मागच्या सीटवर आणि बाप रडकुंडीला येऊन स्टेअरिंगवर, हे मला बघवत नाही.

आणखी एक, सासूबाईंनाही पटेल असं: संध्याकाळी सहाला ठरवा, रात्री दोनला नको. दिवसभर बाळ नीट प्यायलं नाही, दुपारपासून लघवी कमी, श्वास थोडा जास्त वाटतोय, असं असेल तर ओपीडीची वेळ टळायच्या आत दाखवून या. रात्री दोनला जी मुलं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांची आई सांगते, "संध्याकाळपासूनच वाटत होतं."

निघताना लसीकरणाचं कार्ड, दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते लिहिलेला कागद घ्या. जुलाब असतील तर शेवटचा डायपर पिशवीत घालून आणा, आम्हाला त्याची किळस नाही. मुलीचं वजन माहीत नसेल तर या आठवड्यात आरोग्य केंद्रात जाऊन करून घ्या. त्याच फेरीत तिथल्या रात्रीच्या ड्युटीचा फोन नंबर विचारून फ्रिजवर चिकटवा.